बर्वे, भक्ती

(१० सप्टेंबर १९४८ – १२ फेब्रुवारी २००१). मराठी रंगभूमीवरील श्रेष्ठ अभिनेत्री, आकाशवाणीच्या निवेदिका आणि मुंबई दूरदर्शनच्या वृत्तनिवेदिका. विवाहानंतरचे नाव भक्ती बर्वे-इनामदार. अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती.

त्यांची सुरुवात बालरंगभूमीवर झाली. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ उभे केले, त्या संस्थेच्या बालनाट्यांतून भक्ती बर्वे घडल्या. पुढे विजया मेहता यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्यासह बसवलेल्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नाटकात त्यांनी काम केले. हे नाटक ब्रेख्तच्या कृतीवरून चिं. त्र्यं. खानोलकर यांनी लिहिले होते. नटीला घडवणाऱ्या गुरूही स्त्रियाच, ही मराठी रंगभूमीची फार मोलाची परंपरा आहे आणि तिची नोंद पुरेशी घेतली जात नाही.

१९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ रंगमंचावर आले. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा हा मराठी अवतार. त्यात बर्वे यांनी फुले विकणाऱ्या मंजुळेची, तर सतीश दुभाषी यांनी तिला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या प्राध्यापकाची भूमिका केली. या भूमिकेतली खरी अवघड गोष्ट सहसा सांगितली जात नाही. नाटकाच्या शेवटी मंजुळा ज्या स्वच्छ, प्रमाण मराठीपर्यंत पोचते, ती निवेदिकेची भाषा बर्वे यांच्या अंगवळणीच पडलेली होती. त्यांना प्रवास उलटा करायचा होता. आधी रस्त्यावरच्या पोरीची ठसकेबाज बोली गळ्यात उतरवायची आणि मग प्रत्येक प्रयोगात ती प्रेक्षकांदेखत थोडीथोडी सोडत जायची. मास्तरांवर संतापलेली मंजुळा एकटी असताना सुडाची स्वप्ने रंगवते, ते स्वगत अभिनय स्पर्धांमध्ये मुली अजून करतात. बहुतेकींना त्यातला राग सापडतो. रागाखालचा अपमान बर्वे यांना सापडला होता.

त्याच सुमारास जपानमध्ये नटीच्या घडणीचीच गोष्ट सांगणारी, सुझुए मिउची यांची ‘गारासु नो कामेन’ (काचेचा मुखवटा) ही चित्रकथामालिका सुरू झाली. ‘हाना तो युमे’ या मुलींच्या नियतकालिकात ती १९७६ पासून येऊ लागली. योकोहामात आई एका खाणावळीत राबते आणि तेरा वर्षांची माया किताजिमा नाटकाच्या वेडाने घर सोडते. एके काळची थोर नटी चिगुसा त्सुकिकागे तिला कठोरपणे घडवते. ‘कुरेनाई तेन्न्यो’ हे नाटक करण्याचा हक्क एकट्या त्सुकिकागेकडे आहे आणि ती भूमिका मायाला मिळणार की नामवंत घराण्यातल्या आयुमीला, यावर सगळी कथा उभी आहे. २०१२ मध्ये ४९ वा खंड आला, तरी निकाल लागलेला नव्हता. मायाची गोष्ट कल्पित आहे. मात्र गुरूचा धाक, तालमीतला घाम आणि एखादी भूमिका एका नटीच्या नावाशी जोडली जाणे, हे सारे मराठी नाटकवाल्यांच्या ओळखीचे आहे.

बर्वे एका भूमिकेत अडकल्या नाहीत. अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’मध्ये त्यांनी संसारातून निवृत्ती जाहीर करणारी आई केली. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) या हिंदी चित्रपटातली संपादिका शोभा सेन अमराठी प्रेक्षकांनाही आठवते. १९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा एकपात्री कार्यक्रमही त्या करीत.

वाईहून मुंबईला परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात त्यांचे निधन झाले. बोरघाट उतरून खालापूरचा टोलनाका ओलांडला की मुंबईकडे जाताना माडप आणि मग भाताण हे बोगदे लागतात. हा अपघात भाताण बोगद्याजवळचा. मुंबईच्या नाटकमंडळींची घाटावरच्या प्रयोगांसाठीची ये-जा पिढ्यान्‌पिढ्या याच खालापूरच्या पट्ट्यातून होत आली आहे; पूर्वी खोपोलीच्या जुन्या रस्त्याने, आता द्रुतगती मार्गाने.

मंजुळेची भूमिका पुढे अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी केली. प्रत्येकीची तुलना बर्वे यांच्याशी झाली आणि ती बहुधा अन्यायकारक होती, कारण प्रत्येकीला आपली मंजुळा नव्याने शोधावी लागली. २०२३ मध्ये याच कथासूत्रावरचा ‘फुलराणी’ हा मराठी चित्रपट आला. त्यात प्रियदर्शिनी इंदलकर हिने नायिका साकारली.