मालकाचे दायित्व (आंतरराज्य स्थलांतरित कामगार)

परराज्यातील कामगार कामावर घेणाऱ्या मालकावर व ठेकेदारावर कायद्याने टाकलेली नोंदणी, परवाना व भत्त्यांची जबाबदारी.

अनधिकृत परदेशी कामगार ठेवणाऱ्या मालकाला दंड करण्याची तरतूद अमेरिकेने १९८६ मध्ये केली. भारतातील आंतरराज्य स्थलांतराचे तसे नाही; नागरिकास देशभर संचाराचा हक्क असल्याने (पहा : संविधान, अनुच्छेद १९) १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम स्थलांतर अडवत नव्हता, मालकाला बांधत होता. ओडिशातून ठेकेदारांमार्फत परराज्यात नेल्या जाणाऱ्या ‘दादन’ मजुरांच्या पिळवणुकीतून तो आला. परराज्यातील पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या आस्थापनेस नोंदणी व ठेकेदारास परवाना आवश्यक झाला. विस्थापन भत्ता मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी अधिक असेल तो होता. ठेकेदाराने वेतन थकवल्यास ते मूळ मालकाने द्यावयाचे होते.

या अधिनियमाच्या व्याख्येत मात्र ठेकेदारामार्फत भरती झालेलाच कामगार होता. बेळगावला लागून असलेल्या महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यातून स्वतःहून गोव्यात किंवा कर्नाटकात कामाला जाणारा तिच्याबाहेर राहिला. ही या कायद्याची मोठी उणीव होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने (पहा : कामगार संहिता) दरमहा १८,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, स्वतःहून जाणाऱ्या कामगारासही व्याख्येत घेतले, पण कामगारसंख्येची मर्यादा दहावर नेली. बीडहून महाराष्ट्रातीलच कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोडणीच्या टोळ्या राज्याची सीमा ओलांडत नाहीत; त्यांना या आंतरराज्य तरतुदी लागू होत नाहीत (पहा : ऊसतोडणी कामगार; मुकादम).