सालबाईचा जामीनदार

वडगाव मावळच्या कचेरीबाहेर टेबल टाकून मी तीसेक वर्षं दस्त लिहितोय. खरेदीखत, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र काहीही असो, हात चालतो. जामीनकतबा आला की मात्र थांबतो. जामीन राहणाऱ्याला आधी चहा पाजतो आणि विचारतो, घरी सांगून आलास का?

आमच्या गावात महादजी शिंद्यांचा पुतळा आहे. इंग्रजांनी इथं शरणागती लिहून दिली याचा गावाला अभिमान, तो मलाही आहे. पण धंद्याच्या नजरेनं पाहिलं तर १७७९ चा तो दस्त कच्चा होता.

रघुनाथरावांना पुण्यात पेशव्यांच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज निघाली, सोबत एकोणीस हजार बैल. बोरघाट चढून आल्यावर ती दिवसाला मैलभरही सरकेना. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट गोळा लागून पडला. (त्याला आम्ही ‘इष्टूर फाकडा’ करून टाकलं. शत्रू असला तरी फाकडा तो फाकडाच, लोक त्याला नवस बोलतात.) ९ जानेवारीला तळेगाव गाठलं तर गाव ओस, दाणागोटा नाही. दोन दिवसांनी जड तोफा तळ्यात ढकलून रातोरात माघार, आणि वडगावात पुरता वेढा.

मग बोलणी. आम्हाला कलकत्त्याच्या मंजुरीशिवाय तह करायचा अधिकार नाही, असं इंग्रजांनीच सांगितलं. त्यावर महादजींनी विचारलं म्हणतात, मग कलकत्त्यानं केलेला पुरंदरचा तह मोडायचा अधिकार कुठून आणला? सवाल बिनतोड, पण त्यानं मुखत्यारपत्र तयार होत नाही. साष्टी परत, रघुनाथराव हवाली, सगळं लिहून झालं आणि कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जनं कागद झिडकारला. रघुनाथरावही वाटेत निसटले. आणखी तीन वर्षं लढाई चालली. १७८१ मध्ये इंग्रजांचा सेनापती गॉडर्ड आमच्या घाटात येऊन बसला आणि मार खात परतला.

म्हणून मला वडगावपेक्षा सालबाई मोठं वाटतं. ग्वाल्हेरजवळचं खेडं, तारीख १७ मे १७८२. इंग्रजांकडून डेव्हिड अँडरसन, पेशव्यांकडून महादजी. वसई परत आली, साष्टी गेली ती गेलीच, रघुनाथरावांना महिना पंचवीस हजार. अशी कलमं कोणत्याही तहात असतात. वेगळं होतं ते शेवटाकडचं: दोन्ही बाजूंना जामीन महादजी. जो करार मोडेल त्याच्याविरुद्ध दुसऱ्याला मदत करायची. म्हणजे पुण्यानं मोडला तर स्वतःच्या धन्याविरुद्धसुद्धा! असा कतबा माझ्या टेबलावर आला असता तर मी चहा दोनदा पाजला असता.

महादजी काही धर्मादाय करत नव्हते. दक्षिणेची कटकट मिटली की दिल्लीकडे हात मोकळे होणार होते, आणि इंग्रजांनी त्यांना पेशव्यांचा निव्वळ सरदार न मानता बरोबरीचं मानलं. पुण्यात पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांना हेच खुपलं. शिवाय या तहानं म्हैसूरच्या हैदर अलीला एकटं पाडलं होतं, तो तर कालपर्यंत आपल्या बाजूचा. नानांनी मंजुरी लांबवली. ७ डिसेंबरला हैदर वारला, २० डिसेंबरला नानांची सही झाली. दस्त करून घेणाऱ्यानं किती थांबावं, हे नानांकडून शिकावं.

पुढची वीस वर्षं मराठे आणि इंग्रज एकमेकांवर चालून गेले नाहीत. मधला माणूस १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला वारला. त्यांच्यामागे कुणी नवा जामीन मागितला नाही, कुणी दिलाही नाही. १८०२ च्या डिसेंबरात रघुनाथरावांचे चिरंजीव, पेशवे दुसरे बाजीराव, वसईला गेले आणि इंग्रजांची फौज पदरी ठेवून घेण्याच्या कागदावर सही करून आले.