दुसऱ्या मालकाचा इतिहास

मोटारगाडीचा इतिहास बहुधा कारखान्याच्या फाटकापाशी संपतो. गाडी कोणत्या प्रदर्शनात मांडली गेली, किती अश्वशक्तीची होती, किती खपली, एवढे नोंदवले की इतिहासकार मोकळा होतो. पुढची वीस-तीस वर्षे ती कोणाच्या हाती होती, कोणी ती उघडली, काय काढले आणि काय घातले, याची दखल क्वचितच घेतली जाते. ‘हॉट हॅचबॅक’ या प्रकाराबाबत ही उपेक्षा आम्हाला विशेष खटकते. कारण या गाड्यांच्या इतिहासाचा मोठा भाग दुसऱ्या-तिसऱ्या मालकांनी घराशेजारच्या गॅरेजमध्ये घडवला आहे.

साध्या, कौटुंबिक छोट्या गाडीत जोरकस इंजिन बसवायचे, ही मूळ कल्पना. फोक्सवॅगनने १९७५ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय मांडली, तेव्हा तिचे इंजिन १.६ लिटरचे, ११० अश्वशक्तीचे होते. पाच हजार गाड्या काढण्याचा बेत होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक निघाल्या. १९८४ मध्ये प्यूजो २०५ जीटीआय आली आणि दोनच वर्षांत तिला १.९ लिटरचे, १३० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले.

या गाड्या ब्रिटनमध्ये पोचल्या तेव्हा घरच्या दुरुस्तीची परंपरा तेथे रुजलेली होती. हवाई दलात असलेल्या जॉन हेन्स यांनी १९६५ साली एडनमध्ये एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट उघडून पुन्हा जोडली आणि त्या कामाची छायाचित्रे काढून ठेवली. कारखान्याची पुस्तिका सामान्य मालकाच्या कामाची नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९६६ मध्ये त्यांची पहिली पुस्तिका निघाली. कारखाना आपल्या पुस्तिकेत प्रशिक्षित मेकॅनिकशी बोलत असे. हेन्स मालकाशी बोलू लागले. हा फरक लहान नव्हे. यंत्राचे ज्ञान कोणाचे, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते.

२०५ च्या मागच्या आसाचे उदाहरण घेऊ. तिचे प्रत्येक मागचे चाक एका भुजेवर असते आणि ती भुजा आडव्या नळीतल्या सुयांच्या बेअरिंगवर फिरते. सील गेले की पाणी आत शिरते, बेअरिंग गंजते, दांडा झिजतो आणि चाकांचे माथे हळूहळू आत कलू लागतात. दुरुस्ती करायची तर अख्खा आस खाली उतरवून टॉर्शन बार बाहेर खेचावे लागतात. ते आपल्या खाचांत गंजून इतके घट्ट बसलेले असतात की या कामात दिवस सहज जातात. खेचण्यापूर्वी बार आणि भुजा यांवर खुणा केल्या नाहीत, तर गाडीची उंचीच हरवते. कारण उंची ठरते ती बार कोणत्या खाचेत बसला आहे यावरून.

येथेच आम्हाला या परंपरेचे मर्म दिसते. जो बार खुणेवर परत बसवणे ही दुरुस्ती, तोच जरा पुढच्या खाचेत बसवला की गाडी मागून खाली येते. तो झाला बदल. पाना तोच, हात तोच. ज्याला दुरुस्ती जमली त्याला बदल सुचणारच. भंगारातल्या ४०५ एमआय-१६ चे सोळा झडपांचे इंजिन २०५ मध्ये बसवणारे याच वाटेने गेले; दोन्ही इंजिने एकाच कुळातली असल्याने ते शक्य झाले.

या गाड्या त्यांच्या हाती स्वस्तात आल्या, त्यामागे एक कटू प्रकरण आहे. १९९१ साली ऑक्सफर्डच्या ब्लॅकबर्ड लेज वस्तीत चोरीच्या गाड्या भरधाव पळवण्याचे खेळ चालत. पोलिसांनी ते रोखले तेव्हा दंगल उसळली. १९९२ मध्ये अशा चोऱ्यांसाठी कडक कायदा आला. विम्याचे हप्ते इतके चढले की नव्या हॉट हॅचबॅकचे गिऱ्हाईक आटले. जुन्यांचे भाव उतरले आणि ज्याच्याकडे पैशापेक्षा वेळ अधिक होता, असा तरुण त्यांचा मालक झाला.

त्याने केलेले सगळेच चांगले होते, असे आम्ही म्हणणार नाही. स्प्रिंगा कापून गाडी खाली आणणे हा अडाणीपणाच होता, आणि धोकादायकही. परंतु ते बदल म्हणजे त्या काळाचा दस्तऐवज आहे. जर्मनीत मोठा बदल मान्यताप्राप्त तपासनीसाला दाखवून गाडीच्या कागदपत्रांत चढवावा लागतो. तेथे तो कागदावर उरतो. ब्रिटनमध्ये तो बहुतांशी लोखंडावरच उरला.

आज तेच लोखंड पूर्ववत केले जात आहे. जुन्या जीटीआयला संग्राहक मोठी किंमत मोजतात, पण ती मूळ रूपातल्या गाडीला. साहजिकच सोळा झडपांचे इंजिन उतरते, मूळ इंजिन शोधून बसवले जाते आणि मधल्या तीस वर्षांचे हात पुसले जातात. जुन्या ग्रंथाचा संपादकही प्रक्षेप बाजूला काढतो. पण तो ते तळटीपेत नोंदवतो, कारण तो ग्रंथ कोणी, कसा वाचला हे त्यांवरूनच कळते. गाडी पूर्ववत करणाऱ्यानेही जे काढले त्याची छायाचित्रे आणि एक वही गाडीसोबत ठेवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. हेन्स यांनी एडनमध्ये कामाची सुरुवात छायाचित्रांनीच केली होती.