तिघी बहिणी आणि लंडनचा एक हिवाळा

नाताळच्या सुटीत दोघी-तिघी बहिणींनी मिळून लंडनची वा पॅरिसची सफर करून यावी, यात आज नवल असे काही उरलेले नाही. विमानाने नऊ-दहा तासांत तेथे पोहोचावे, दुकाने पाहावी, थंडीने गारठावे आणि आठवड्याने घरी परतावे. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या या पश्चिम किनाऱ्यावरील तिघी बहिणींनी लंडनचा एक हिवाळा ज्या रीतीने अनुभविला, ती रीत फार निराळी होती. तिघींपैकी तेथे गेली होती एकच. उरलेल्या दोघी हिंदुस्थानात होत्या. तरीही तो प्रवास तिघींचा होता, असे माझे मत आहे; आणि ते का, हेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

या बहिणी म्हणजे झेहरा, नाझली आणि अतिया फैझी. मुंबईच्या सुलेमानी बोहरा समाजातील तय्यबजींचे मोठे गोत आपल्या परिचयाचे आहे. राष्ट्रसभेच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी हे त्या गोताचे भूषण. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचाही त्याच गोताशी आप्तसंबंध. फैझी भगिनी याच गोतावळ्यातल्या. त्यांचे वडील हसनअली इस्तंबूल येथे व्यापार करीत, आणि अतियेचा जन्मही १८७७ साली तेथलाच. म्हणजे युरोपच्या दारातच जन्मलेली ही मुलगी, असे म्हणण्यास हरकत नाही. मधली बहीण नाझली ही जंजिऱ्याचे नवाब सिदी अहमदखान यांस दिली होती. जंजिरा म्हटले की महाराष्ट्रीय माणसापुढे एकच चित्र उभे राहते: समुद्राने वेढलेला आणि मराठ्यांच्या हाती अखेरपर्यंत न लागलेला सिद्दीचा किल्ला. त्या किल्ल्यासमोर, मुरूडच्या वाड्यात, विसाव्या शतकाच्या आरंभी पुस्तके व मासिके वाचणारी आणि पुढे स्वतः प्रवासवर्णन लिहिणारी एक बेगम नांदत होती, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून सहसा आढळत नाही. तोफांचा इतिहास आम्हांस पाठ असतो. वाड्यातल्या दिवाणखान्याचा नसतो.

१९०६ च्या सप्टेंबरात अतिया लंडनला पोहोचल्या. हिंदी स्त्रियांनी विलायतेस जाऊन अध्यापनशास्त्राचे शिक्षण घ्यावे म्हणून सरकारने एक शिष्यवृत्ती ठेवली होती. ती घेऊन त्या मरिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाल्या. हे कॉलेज १८७८ साली निघाले होते, आणि दुय्यम शाळांतून शिकविणाऱ्या स्त्रियांस पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या इंग्लंडातील पहिल्या संस्थांत त्याची गणना होते. शहराच्या वायव्य भागात ब्रॉन्ड्सबरी येथे ते होते. घरात त्या वेळी दुःखाची छाया होती. कारण बद्रुद्दीन तय्यबजींचे देहावसान त्याच वर्षीच्या ऑगस्टात लंडनमध्येच झाले होते. ज्या नगरीने घरातील कर्ता पुरुष नुकताच हिरावून घेतला, त्याच नगरीस घरातील मुलीला एका महिन्याच्या आत धाडावयाचे, यास मनाचा केवढा धीर लागला असेल याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

हे लक्षात घेतले पाहिजे की या वाटेने जाणाऱ्या त्या काही पहिल्याच नव्हेत. पंडिता रमाबाई १८८३ साली गेल्या होत्या आणि त्यांचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्ररूप लेखन त्याच वर्षी मराठीत छापून निघाले होते. कर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या. डॉ. रखमाबाई त्याच वर्षी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकू लागल्या आणि १८९४ साली पदवीधर झाल्या. पण रमाबाईंचे पत्र एका सन्मान्य गृहस्थांस उद्देशून होते. अतियांनी लिहिले ते बहिणींसाठी. आणि हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. पुरुष स्नेह्यास लिहिताना स्त्रीला आपल्या करणीचे समर्थन करावे लागते. बहिणीस लिहिताना समर्थनाची गरज नसते. तेथे जेवणाखाण्याच्या, कपड्यालत्त्याच्या, वर्गातल्या नि बाजारातल्या लहानसहान गोष्टी आपसूक येतात.

आणि या लिहिण्यामागे घराण्याची एक जुनी चाल होती. तय्यबजींच्या घरोघर ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवलेल्या असत. घरातील कोणीही, पुरुष असो वा स्त्री, त्या वहीत दिवसाचा वृत्तान्त लिहावा आणि इतरांनी तो वाचावा, अशी पद्धत. अलिबागजवळ किहीम येथे या मंडळींची समुद्रकाठची घरे होती. तेथेही अशी वही असे. खासगी रोजनिशी आपण कुलपात ठेवतो. ही मात्र सर्वांसमोर उघडी असलेली रोजनिशी. अशा घरात वाढलेल्या मुलीस, आपण पाहिले ते दुसऱ्यांसाठी लिहून ठेवणे हे श्वासोच्छ्वासाइतके सहज वाटावे. लंडनची तिची रोजनिशी म्हणजे त्या कौटुंबिक वहीचेच एक सागरापलीकडे गेलेले पान होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

त्या दिवसांत विलायतेचे टपाल आठवड्यातून एकदा येई आणि लंडनहून मुंबईस पोहोचावयास सुमारे दोन आठवडे लागत. म्हणजे लंडनात बर्फ पडले तर त्याची वार्ता येथे यावी ती ते वितळून गेल्यावर. आणि वाचून बहिणीने काही विचारलेच, तर उत्तर यावयास महिना जावा. आजच्या घडीला क्षणार्धात बोलणे होते, म्हणून या कालगतीचा विसर पडतो. परंतु याच विलंबामुळे पत्र सविस्तर लिहावे लागे. उलट विचारण्याची सोय नसल्याने वाचणाराच्या मनातील प्रश्न आधीच ओळखून त्याचे उत्तर द्यावे लागे.

आणि हिवाळा तरी कसा! डिसेंबराच्या मध्यास लंडनात सूर्य आठ वाजता उगवतो आणि चार वाजण्यापूर्वीच मावळतो. मुंबईच्या उन्हात वाढलेल्या माणसास ही गोष्ट नुसती ऐकून पटत नाही. त्या काळी घरोघरी दगडी कोळसा जळे. त्याचा धूर धुक्यात मिसळून जे पिवळसर दाट आवरण शहरावर पडे त्यात भर दुपारी दिवे लावावे लागत. रस्त्यांवरून घोड्यांच्या बसगाड्या अजून धावत होत्या, पण मोटारबसही दिसू लागल्या होत्या. आणि जमिनीखालची पिकॅडिलीची नवी रेल्वे १५ डिसेंबर १९०६ रोजी, म्हणजे नेमकी त्याच हिवाळ्यात, सुरू झाली. ९ फेब्रुवारी १९०७ रोजी तीन हजारांवर स्त्रिया मताधिकारासाठी हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून पावसात, चिखल तुडवीत, मिरवणुकीने निघाल्या. ‘चिखलातली मिरवणूक’ याच नावाने ती इतिहासात ओळखली जाते. स्त्रीशिक्षण आणि स्त्रीस्वातंत्र्य हे विषय कॉलेजच्या भिंतींच्या आत जेवढे चालू होते त्याहून अधिक ते बाहेर रस्त्यावर चालू होते.

येथे एक आडकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. त्याच १९०६ च्या उन्हाळ्यात नाशिकचे विनायक दामोदर सावरकर लंडनला पोहोचले होते, आणि तेथून मराठी वृत्तपत्रांसाठी बातमीपत्रे लिहीत होते. एकाच धुक्यातून, एकाच टपालाने, एकाच बंदरावर दोन प्रकारचे लेखन उतरत होते: एक मराठीत, राज्यक्रांतीच्या तळमळीचे, दुसरे उर्दूत, बहिणींच्या जिव्हाळ्याचे. पहिल्याचे वाचक आपणांस ठाऊक आहेत. दुसऱ्याचे वाचक कोण होते?

ते होते उत्तर हिंदुस्थानातील पडद्याआडच्या स्त्रिया. लाहोरास १८९८ साली मुहंमदी बेगम आणि त्यांचे यजमान सय्यद मुमताज अली यांनी ‘तहझीब-ए-निस्वाँ’ हे स्त्रियांचे उर्दू साप्ताहिक काढले होते. अतियांचे लेखन हाती आल्यावर वडील बहीण झेहरा यांनी ते छपाईसाठी सिद्ध केले, आणि १९०७ साली ते त्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले. पुढे १९२१ साली आग्र्याहून ते ‘जमाना-ए-तहसील’, म्हणजे ‘विद्यार्जनाचा काळ’, या नावाने पुस्तकरूपाने निघाले. ज्या स्त्रीस शेजारच्या गल्लीत जाण्याची सोय नाही, तिने आपल्या खोलीत बसून लंडनच्या कॉलेजातील वर्ग पाहावे, ही किमया या दोघी बहिणींनी मिळून घडविली. एकीने पाहिले आणि लिहिले. दुसरीने निवडले, जुळविले आणि जगापुढे मांडले. पुस्तकावर नाव एकीचेच आले. घरातील वडील बहिणींच्या वाट्यास बहुधा असेच कर्तृत्व येते: काम सारे त्यांचे, आणि नाव मुखपृष्ठावर नाही.

उर्दूतील लेखनाचे आम्हां मराठीभाषकांस काय, अशी शंका कोणी घेईल. मी ज्या गोरेगावचा, ते आज हिंगोली जिल्ह्यात आहे. पण १९४८ पर्यंत तो सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचा कारभार १८८४ पासून उर्दूत चालत असे. जमिनीचे कागद उर्दूत, कचेरीतले अर्ज उर्दूत, आणि घरात मात्र मराठी. अशा दुहेरी वहिवाटीत आमच्या मागच्या पिढ्या वाढल्या. तेव्हा उर्दू अक्षर दिसताच ते परक्याचे मानावे, हे निदान मराठवाड्यास तरी शोभत नाही. मुरूडचा वाडा काय आणि मुंबईचे तय्यबजी काय, ही महाराष्ट्राचीच माणसे. त्यांनी ज्या भाषेत लिहिले ती भाषा निराळी, एवढेच.

या हिवाळ्याच्या शेवटी, १ एप्रिल १९०७ रोजी, लंडनमध्ये मिस बेक यांच्या घरी अतियांची एका तरुण पंजाबी विद्वानाशी भेट झाली. ते डॉ. मुहंमद इक्बाल, पुढे महाकवी म्हणून गाजलेले. ऑगस्टात हायडेलबर्ग येथे पुन्हा गाठ पडली. मौलाना शिबली नोमानी यांचाही या बहिणींशी पत्रव्यवहार होता, आणि ते जंजिऱ्यास येऊन राहिलेही होते. या दोन थोर पुरुषांच्या चरित्रांतून अतियांचे नाव वारंवार येते. किंबहुना पुष्कळांस त्या ठाऊक आहेत त्या तेवढ्यापुरत्याच. शिबलींची पत्रे १९२६ साली प्रसिद्ध झाली, आणि इक्बालांची पत्रे खुद्द अतियांनीच १९४७ साली मुंबईस छापविली. त्यामुळे या समजुतीस त्यांचाही हातभार लागला, हे मान्य केले पाहिजे. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या लंडनच्या रोजनिशीत इक्बाल येतात ते भेटलेल्या अनेक माणसांपैकी एक म्हणून. तेथे मुख्य माणूस दुसरेच आहे. ज्या बहिणीने हे पान वाचावयाचे, ती. कोणा कवीच्या चरित्रातील तळटीप म्हणून त्या वर्षाकडे पाहणे हा त्या वर्षावर अन्याय आहे, असे मला स्पष्टपणे वाटते.

अभ्यासक्रम मात्र पुरा झाला नाही. १९०७ सालीच त्या पदविका न घेता परतल्या. हे अपयश म्हणावे काय? पदवीच्या मापाने मोजले तर होय. पण दुसऱ्याच वर्षी, १९०८ साली, नवाबसाहेब, नाझली बेगम आणि अतिया असे सारे मिळून युरोपास निघाले, आणि त्या वेळी धाकटी बहीण मधलीस वाट दाखविणारी झाली होती. जी शहरे एकीने आधी कागदावर वाचली, ती आता तिने डोळ्यांनी पाहिली. नाझली बेगमांनीही या प्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले. ‘सैर-ए-युरोप’ हे त्याचे नाव. एका संस्थानच्या राणीने स्वतःच्या लेखणीने युरोप लिहून काढावा आणि तो तिच्यासारख्या स्त्रियांनी वाचावा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

पुढचा इतिहास सुखाचा नाही. राज्यास वारस झाला नाही या कारणावरून १९१३ साली नाझली बेगम आणि नवाब विभक्त झाले. अतियांचे लग्न १९१२ साली सॅम्युएल रहमीन या चित्रकाराशी झाले. हे गृहस्थ पुण्यात जन्मलेले, आणि ज्यांची घरची भाषा मराठी त्या बेने इस्राएल समाजातले. उभयतांनी एकमेकांची आडनावे जोडून ‘फैझी-रहमीन’ हे नाव घेतले. त्या काळी पतीने पत्नीचे आडनाव धारण करावे, ही गोष्ट लंडनच्या धुक्याइतकीच नवलाची! अतियांनी हिंदी संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, रहमीन यांनी नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या घुमटांत चित्रे काढली. फाळणीनंतर १९४८ साली बॅरिस्टर जिना यांच्या निमंत्रणावरून हे दांपत्य, आणि त्यांच्यासमवेत नाझली बेगम, कराचीस गेले. तेथे जे घर मिळाले ते पुढे राहिले नाही, आणि वृद्धापकाळ हलाखीत गेला. रहमीन १९६४ साली वारले, अतिया १९६७ च्या जानेवारीत. नाझली बेगम त्यानंतर वर्षभराने, १९६८ साली गेल्या.