पासाउ : तीन नद्या आणि भिंतीवरच्या रेघा

म्युनिकहून पासाउला जायला रेल्वेने दोन-सव्वादोन तास लागतात. गेल्या तीन वर्षांत मी तिथे चार वेळा गेलो. एकदा जुलैच्या लख्ख उन्हात, एकदा नोव्हेंबरच्या पावसात, एकदा जानेवारीत, जेव्हा धुक्यामुळे पलीकडचा काठ दिसत नव्हता. चौथी वेळ यंदाच्या मार्चमधली. बर्फ की पाऊस हे आभाळालाच ठरवता येत नव्हतं अशी हवा. ऑफिसमधले सहकारी विचारतात, एवढं काय आहे तिथे? मी दरवेळी 'तीन नद्या' असं सांगून मोकळा होतो. ते अर्धंच खरं आहे.

जर्मनीच्या आग्नेय टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेवर वसलेल्या या गावात डॅन्यूब, इन आणि इल्झ एकत्र येतात. संगमाच्या टोकाशी उभं राहिलं तर तिन्हींचे रंग वेगळे दिसतात. इन आल्प्समधून येते, तिचं पाणी हिमनद्यांच्या गाळाने फिकट हिरवट असतं. इल्झ जंगलातल्या दलदलीतून येते, म्हणून काळपट. मधली डॅन्यूब. पुढे नाव डॅन्यूबचं चालतं, पण सरासरी काढली तर इथे इनच जास्त पाणी आणते. जुनं शहर डॅन्यूब आणि इनच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. एका नदीपासून दुसऱ्या नदीपर्यंत पाच-सात मिनिटांत चालत जाता येतं.

या नद्यांनीच गावाला पैसा दिला. साल्झबुर्गकडच्या खाणींतलं मीठ साल्झाख आणि मग इन नदीतून नावांनी इथे यायचं. इथून ते घोड्यांच्या पाठीवर लादून डोंगरातून बोहेमियात जायचं. त्या वाटेचं नावच 'सोनेरी वाट' असं पडलं. गावाचा धनी होता बिशप. धर्मगुरूही तोच आणि राजाही तोच. १८०३ साली ही बिशपची राज्यं खालसा झाली, तोपर्यंत पासाउ असंच चाललं.

आज आपण जे बरोक शहर पाहायला जातो, ते मात्र मिठामुळे नाही, आगीमुळे उभं राहिलं. २७ एप्रिल १६६२ रोजी लागलेल्या आगीत गावाचा बहुतेक भाग जळाला. मध्ययुगीन कॅथेड्रलही गेलं, फक्त पूर्वेकडचा गॉथिक भाग वाचला. १६६८ मध्ये नवं बांधकाम सुरू झालं. ते चालू असतानाच १६८० मध्ये पुन्हा मोठी आग लागली. काम संपलं १६९३ मध्ये.

बांधणारे लोक बाहेरचे होते. वास्तुकार कार्लो लुरागो आणि गिलाव्यातून शिल्पं घडवणारा जोव्हानी बात्तिस्ता कार्लोने हे दोघे इटलीतल्या कोमो सरोवराजवळच्या इंतेल्वी खोऱ्यातले. छतावरची चित्रं काढणारा कार्पोफोरो तेंकाला लुगानो सरोवराच्या काठचा. या डोंगराळ भागातली माणसं पिढ्यानपिढ्या कामासाठी आल्प्स ओलांडून जात. लुरागोने प्राग शहरात कितीतरी इमारती बांधल्या आणि १६८४ मध्ये तो इथे पासाउलाच वारला. कॅथेड्रल पूर्ण झालेलं त्याने पाहिलं नाही. करारावर परदेशात आलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही तारीख वाचून थोडं थांबायला होतं.

आत गेलं की पांढऱ्या गिलाव्याचा अक्षरशः पूर आहे. देवदूत, फळांच्या माळा, पानं, सगळं छतापासून खाली ओघळत येतं. मागे ऑर्गन आहे, १७,९७४ नळ्यांचा. उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता तो वाजतो तेव्हा बाकाचं लाकूड पाठीला थरथरताना जाणवतं. पण बाहेर येऊन मागच्या चौकात गेलं की वाचलेला जुना गॉथिक भाग दिसतो. नव्याने बांधताना त्यांनी तो पाडला नाही, नवं चर्च त्याला जोडून घेतलं. एकाच इमारतीत आगीच्या आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही उभं आहे.

घरांचंही तसंच. पासाउच्या गल्ल्यांतली घरं पाहिली की वाटतं, यांना छपरंच नाहीत. पिवळ्या, गुलाबी, पिस्ता रंगाच्या सपाट भिंती सरळ वर जातात आणि आडव्या रेषेत संपतात. इन आणि साल्झाखच्या काठच्या अनेक गावांत अशीच बांधणी आहे. छप्पर असतंच, पण भिंत त्याच्याही वर चढवून ते मागे लपवलेलं असतं. हे शोभेसाठी नव्हतं. एका घराच्या लाकडी छपराची आग शेजारच्या छपरावर उडू नये म्हणून भिंती उंच केल्या. ज्या ओळींचे आपण फोटो काढतो, त्या आगीला घातलेल्या आडकाठ्या आहेत.

आगीचं उत्तर त्यांना असं सापडलं. पाण्याचं तसं सापडलं नाही.

डॅन्यूबच्या काठावर नगरपालिकेची जुनी इमारत आहे. तिचा मनोरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. त्याच्या भिंतीवर रेघा आणि साल लिहिलेले आहेत. सगळ्यात वर १५०१, सुमारे १३.२० मीटर. तिच्या खाली ३ जून २०१३, १२.८९ मीटर. मग १९५४, १२.२० मीटर. २००२ ची १०.८१ मीटरची रेघ आणखी खाली. एरवी नदीची पातळी साडेचार मीटरच्या आसपास असते. पहिल्यांदा मी तिथे उभा राहिलो, तेव्हा उन्हात आइसक्रीम खात होतो आणि २०१३ ची रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर होती.

यातली एक गोष्ट मला नंतर लक्षात आली. मनोरा १५०१ साली नव्हताच. म्हणजे ती रेघ पाण्याने सोडलेली नाही. कुणीतरी जुनी नोंद शोधून, मोजून, जवळपास चारशे वर्षांनी उभ्या राहिलेल्या भिंतीवर ती काढली.

२०१३ च्या पुरात जुनं शहर पाण्याखाली गेलं. नळाचं पिण्याचं पाणी बंद झालं, कित्येक घरांची वीज गेली. इथलं विद्यापीठ जेमतेम १९७८ मध्ये सुरू झालेलं. वर्ग बंद पडले तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांनी फेसबुकवरून एकमेकांना गोळा केलं आणि फावडी घेऊन अनोळखी लोकांच्या तळघरांतला चिखल उपसला. गाव आवरल्यावर भिंतीवर आणखी एक रेघ आली. आज त्या चौकात आणि नदीत उंच भिंत नाही. उपाहारगृहांची टेबलं जवळजवळ पाण्यापर्यंत मांडलेली असतात.

इथे मला माझ्या घराबद्दल सांगावं लागेल, कारण मी चार वेळा त्या भिंतीसमोर का गेलो ते त्याशिवाय कळणार नाही.

आमचं घर सांगलीत, गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. मी तेव्हा पुण्यात पहिल्या नोकरीवर होतो. आई-बाबा घर सोडून निघाले तेव्हा पाणी गुडघाभर होतं. दहा-बारा दिवसांनी परत आले, तर बैठकीच्या भिंतीवर साडेपाच फुटांवर मातकट रेघ होती. चिखल काढला, ब्लीचिंग पावडर टाकली, भिंती वाळल्या आणि दिवाळीच्या आत बाबांनी रंग देऊन घेतला. मीच पैसे पाठवले होते. सगळ्यांनाच ती रेघ डोळ्यांसमोरून घालवायची होती.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. निघायच्या आधी बाबांनी आजीची ट्रंक टेबलावर ठेवली. टेबल अडीच फुटांचं. फोनवर मला म्हणाले, "मागच्या वेळी गुडघ्याच्या थोडं वर होतं रे. एवढं पुरे." या वेळी पूर २०१९ पेक्षा कमीच होता. घरात तीन फूट पाणी चढलं. ट्रंकेत आजीच्या हातची पत्रं होती आणि आजोबांचा एकुलता एक फोटो.

बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ते गुडघाभर पाणी. बाकीचं फक्त भिंतीने पाहिलं होतं आणि तिच्यावर आम्ही रंग दिला होता.

माझ्या कामात सर्व्हर कोसळला की कोणाला काय आठवतं हे आम्ही विचारत नाही, लॉग उघडतो. माणसं हुशार असतात, पण रात्री तीन वाजता काय झालं हे सकाळी दहाला प्रत्येकजण वेगळं सांगतो. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. घरच्या भिंतीबाबत ते सुचलं नाही.

पासाउला दुःख विसरायचं नसतं असं मी म्हणणार नाही. तिथेही चिखल धुतात, रंग देतात, दुसऱ्या उन्हाळ्यात टेबलं मांडतात. कुठल्याही हवेत गेलात तरी गाव सुंदरच दिसतं. फक्त एक भिंत त्यांनी रंगातून वगळली आहे.

मार्चमध्ये तिथून परतताना रेल्वेतून घरी फोन केला. बाबा म्हणाले, "अरे, घर आहे ते, म्युझियम नाही. येणारा-जाणारा काय म्हणेल?" मी फार वाद घातला नाही. आईने मात्र तिच्या जुन्या फोनमधून २०१९ चा एक फोटो शोधला. त्यात रेघ स्विचबोर्डाच्या चार बोटं वर दिसते. स्विचबोर्ड अजून तिथेच आहे.

पुढच्या रविवारी बाबांनी टेप घेऊन मोजलं आणि बैठकीत नाही, पण दाराच्या मागे दोन रेघा काढल्या. पेन्सिलीने. दार बंद केल्यावरच दिसतात. व्हिडिओ कॉलवर मला दाखवल्या आणि म्हणाले, "२००५ ची पण काढायची का? शेजारच्या काकांना विचारतो, त्यांच्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं ते."