कृत्रिम चकतीनंतर मान किती वाकते?

मानेत सात मणके असतात. पहिल्या दोन मणक्यांमध्ये चकती नसते. त्यांच्या खाली मात्र प्रत्येक दोन मणक्यांमध्ये ती असते. पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधील चकत्या सर्वाधिक झिजतात. चकती सरकून मज्जातंतूवर दाबली गेली, की खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जाते. दाब मज्जारज्जूवरच आला, तर बोटांचे कसब आणि चालण्यातील तोल ढळतो. निपाणी परिसरात मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळणाऱ्या स्त्रियांचे पोट झुकलेल्या मानेवर आणि चपळ बोटांवरच चालते. शस्त्रक्रियेनंतर मान वाकेल का, हा त्यांच्यापुढे उपजीविकेचा प्रश्न असतो.

गळ्याच्या पुढील बाजूने चकती काढून दोन मणके एकमेकांना सांधण्याची पद्धत १९५० च्या दशकापासून रूढ आहे. तिने दाब जातो, पण तेवढा सांधा कायमचा थांबतो. १९९९ मधील एका अमेरिकी अभ्यासात, अशा रुग्णांपैकी दरवर्षी सुमारे २.९ टक्के लोकांना शेजारच्या सांध्याचा नवा त्रास सुरू झाल्याचे दिसले. तो सांधल्यामुळे होतो की वयोमानाने, हा वाद अजून मिटलेला नाही.

कृत्रिम चकती या भीतीपोटीच आली. धातूच्या दोन तबकड्या आणि त्यांच्यामधील सरकता पृष्ठभाग, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १९८९ च्या सुमारास तिचे आधुनिक रूप सिद्ध झाले. अमेरिकेत पहिली मान्यता २००७ मध्ये मिळाली. मान पूर्ण पुढे व पूर्ण मागे नेऊन काढलेल्या दोन क्ष-किरण चित्रांतील कोनांच्या फरकावरून तिची हालचाल मोजतात. चाचण्यांत ती सरासरी सात ते दहा अंशांच्या आसपास आढळते.

येथे एक गोष्ट रुग्णाला क्वचितच सांगितली जाते. डोके डावी-उजवीकडे वळवण्याची जवळपास निम्मी क्षमता वरच्या दोन मणक्यांत असते आणि शस्त्रक्रिया त्यांना स्पर्शही करत नाही. म्हणून एकच सांधा थांबला, तर मान ताठ होत नाही. अनेकांना तो फरक जाणवतही नाही. दुसरीकडे, कृत्रिम चकतीभोवती कालांतराने नवे हाड वाढू शकते. त्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या मानल्या जातात. चौथीत सांधा पुरता बंद होतो. तरीही वेदना बहुधा परतत नाही, कारण आराम मिळतो तो मुख्यत्वे दाब निघाल्याने.

त्यामुळे केवळ हालचालीच्या आश्वासनावर महागड्या चकतीसाठी कर्ज काढणे प्रस्तुत लेखकाला शहाणपणाचे वाटत नाही. हाडे ठिसूळ असल्यास, मागचे लहान सांधे फार झिजले असल्यास किंवा तो भाग आधीच हलत नसल्यास ही चकती सहसा बसवत नाहीत. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी हाडांची घनता तपासून घेणे अगत्याचे. निपाणीहून बेळगाव वा कोल्हापूरला, किंवा गोव्यातून चोर्ला घाटमार्गे बेळगावला दुसरे मत घेण्यासाठी जाताना जुनी क्ष-किरण चित्रे सोबत न्यावीत. मात्र बोटांतून वस्तू निसटू लागल्या किंवा पाय अडखळू लागले, तर दुसऱ्या मतासाठी दिवस घालवू नयेत.