हात कुठून आला ते बघ

पाचवीतल्या एका मुलाला मी उर्दूच्या तासाला टोकले. शब्द लिहिताना तो प्रत्येक अक्षराचे नुक्ते आधी देत होता, मग पुढचे अक्षर जोडत होता. तो म्हणाला, "सर, अक्षर बरोबर दिसतंय ना? मग आधी काय आणि नंतर काय, त्यानं काय बिघडतं?" मी म्हणालो, अक्षर वळणदार येत नाही. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. पुरे उत्तर मला घरातल्या एका जुन्या कागदाने दिले.

आमच्याकडे आजोबांच्या वडिलांच्या वेळचे एक मोडी वाटणीपत्र आहे. मोडीची छापील बाराखडी समोर ठेवून मी ते वाचायला बसलो. चार दिवसांत चार ओळीही लागल्या नाहीत. छापील अक्षर आणि कागदावरचे अक्षर यांची ओळखच पटेना. शेवटी मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. त्यांनी बोट कागदावर ठेवले आणि फिरवत म्हणाले, "मास्तर, अक्षर बघू नका. हात कुठून आला आणि कुठे गेला ते बघा."

बालबोध लिहिताना आपण आधी अक्षर काढतो, शिरोरेषा शेवटी देतो. मोडीत क्रम उलटा. कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचा आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे त्या रेघेला टांगत जायचा. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. दिन आणि दीन दोन्ही सारखेच. हा आळस नव्हता, दफ्तराची गरज होती. हात थांबला नाही की काम लवकर उरकते. पण अशा लिखाणात अक्षराचा आकार हाताच्या वाटेवर ठरतो. ती वाट ठाऊक नसेल तर उरतो नुसता गुंता.

फार्सीतही हेच घडले. नस्तालिक भरभर लिहिता लिहिता शिकस्ता तयार झाली. शिकस्ता म्हणजे मोडलेली. आपली मोडी, त्यांची शिकस्ता. आदिलशाही काळातल्या कित्येक कागदांवर वर फार्सी आणि खाली मोडी मराठी मजकूर असे. एकाच कागदावर एक हात उजवीकडून चालला, दुसरा डावीकडून.

चीन आणि जपानमध्ये तर रेघांचा क्रम हा धड्याचाच भाग आहे. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. चौकटीचे अक्षर असेल तर आतले आधी भरायचे आणि दार शेवटी लावायचे. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने 1958 मध्ये शिक्षकांसाठी या क्रमाची मार्गदर्शिका काढली. जपानी हिरागाना अक्षरे चिनी अक्षरे भरभर लिहिता लिहिता घडली, म्हणजे तिथेही हाताच्या वाटेतूनच नवी लिपी निघाली.

मोडीचे पुढे काय झाले? 1810 मध्ये विल्यम कॅरीचा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला गेला, पण छापखान्याला बालबोधच सोयीची पडली. 1917 मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी बालबोध स्वीकारली. 1950 च्या दशकात मोडी शाळेतूनही गेली. 2014 मध्ये युनिकोडमध्ये तिची अक्षरे आली. संगणकाला आकार मिळाले, पण हाताची वाट त्यात नाही. ती माणसाने माणसाला दाखवावी लागते.

आमच्या कुणकेश्वरात सांगतात, वादळातून वाचलेल्या एका इराणी व्यापाऱ्याने इथले देऊळ बांधले. दंतकथा लिहून ठेवली नाही तरी तोंडोतोंडी टिकते. जमिनीचे तसे नसते. तिथे कागद वाचावाच लागतो.

आमच्या वाटणीपत्रात तिसऱ्या ओळीत आजोबांच्या बहिणीचे नाव निघाले, पुढे तिच्या वाट्याची कलमे. घरात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो की तिने काही घेतले नाही. कुराणाने मुलीला दिलेला हक्क कागदावर लिहिलेला होता. वाचणाराच घरात उरला नव्हता. ती आता नाही. तिची नातवंडे शेजारच्या गावात आहेत. मागच्या ईदला मी कागद घेऊन गेलो आणि त्यांच्यासमोर बोट फिरवत ती ओळ वाचून दाखवली. पुढचे बोलणे सुरू आहे.

त्या मुलाला मी आता तख्तीवर आधी पूर्ण शब्द जोडायला लावतो, नुक्ते शेवटी. कारणही सांगतो: बाळा, तुझे लिहिलेले उद्या कुणाला तरी वाचायचे आहे.